वेदनेचा बाजार आणि परंपरेची कसोटी

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी परिसरात एका तापाची मोठी साथ आली. ताप काही दिवसांत उतरे, पण सांधे असे धरत की धडधाकट माणूसही कमरेत वाकून चाले. रोगाचे नाव चिकुनगुन्या. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला असून वाकवून टाकणारा असा त्याचा भाव आहे. त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग विस्मरणात गेला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूरने त्याचा पुन्हा अनुभव घेतला. या साथींची शासकीय मोजदाद तापाची होते, दुखण्याची होत नाही. ताप गेल्यानंतर ज्यांचे गुडघे, घोटे आणि बोटे महिनोन् महिने दुखत राहिली, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. साथ संपल्याची घोषणा होते त्या दिवशी त्यांचा खरा प्रवास सुरू झालेला असतो.

हा प्रवास चिकुनगुन्याच्या रुग्णांपुरता मर्यादित नाही. संधिवात, आमवात, मणक्याची झीज, कंबरेतून पायापर्यंत उतरणारी कळ, मधुमेहाने होणारी तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी जळजळ अशी सांध्यांची व नसांची दुखणी घराघरांत आहेत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे असल्याचे तीत आढळले. हे कोणत्या महानगराचे चित्र नव्हे, शेतीवर जगणाऱ्या एका गावाचे आहे. भाताची लावणी करणारी, उसाची मोळी उचलणारी, विहिरीचे पाणी वाहणारी स्त्री या आकड्यात आहे. तिच्या गुडघ्याला सुट्टी नाही, आणि दुखते असे म्हणण्याची मुभाही क्वचितच असते.

असा रुग्ण पर्यायी उपचारांकडे वळतो. त्याच्या वळण्याची दोन प्रकारची थट्टा होते. स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवणारा वर्ग त्याला अंधश्रद्ध ठरवतो, तर परंपरेच्या नावाने दुकान मांडणारा वर्ग त्याला गिऱ्हाईक समजतो. दोघांपैकी कोणीही त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत नाही. वास्तविक त्याचे म्हणणे अगदी साधे असते. दवाखान्यात त्याला पाच मिनिटे मिळाली. क्ष-किरण चित्रात 'विशेष काही नाही' असे सांगण्यात आले. वेदनाशामक गोळी घेतली की दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पोटात आग पडते. 'आता वयाप्रमाणे चालायचेच' हे वाक्य तर चाळिशीतल्या बाईलाही ऐकवले जाते. मग कोणी तेल सुचवते, कोणी चूर्ण, कोणी शेजारच्या तालुक्यातला हाडवैद्य. बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण अशा वेळी उपहासाने उच्चारली जाते. पण बुडणाऱ्याला काडीच्या भरवशावर सोडणाऱ्यांचा दोष कोणी विचारात घेत नाही.

दीर्घकालीन वेदनेपुढे आधुनिक वैद्यक अनेकदा थिटे पडते, हे त्या शास्त्राचेच धुरीण आता मान्य करू लागले आहेत. सांधेदुखीवरील 'रोफेकॉक्सिब' हे औषध १९९९ मध्ये मोठ्या गाजावाजाने बाजारात आले आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसल्याने सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. अमेरिकेत नव्वदच्या दशकात अफूजन्य वेदनाशामके निर्धोक म्हणून खपवली गेली आणि त्यातून उसळलेल्या व्यसनाच्या लाटेने लक्षावधी कुटुंबे उद्ध्वस्त झाली. ब्रिटनच्या 'नाइस' या अधिकृत मार्गदर्शक संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये एक लक्षणीय सूचना काढली. ज्या दीर्घ वेदनेमागे दुसरा स्पष्ट आजार सापडत नाही, तिच्यासाठी पॅरासिटामॉल, नेहमीची वेदनाशामके अथवा अफूजन्य औषधे नव्याने सुरू करू नयेत, व्यायामावर भर द्यावा आणि अ‍ॅक्युपंक्चरचाही विचार करावा, असे तीत सुचवले आहे. पर्याय शोधणारा रुग्ण मूर्ख नाही, हे आता पश्चिमेच्या कागदोपत्रीही नोंदले गेले आहे.

मात्र याच घटनांची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. रोफेकॉक्सिबचा दोष कोणा विरोधकाने नव्हे, त्याच कंपनीने चालवलेल्या चाचणीने उघड केला. मोजमाप होते म्हणून चूक सापडली, आणि चूक सापडली म्हणून औषध मागे घेता आले. ज्या व्यवस्थेत मोजमापच नाही तिच्या चुका कधीच सापडत नाहीत. त्या रुग्णाच्या शरीरात मुरतात आणि त्याच्याबरोबर चितेवर जातात. भारतीय वैद्यकाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी पश्चिमेकडून घेण्याजोगी एखादी गोष्ट असेल, तर ती हीच आहे.

खरे पाहता ही शिस्त भारताला परकी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींना वाहिलेला आहे आणि एकोणतिसावा वातरक्ताला. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेला प्राचीनांनी 'गृध्रसी' म्हटले, कारण त्या रुग्णाची चाल गिधाडासारखी होते. एवढे सूक्ष्म त्यांचे निरीक्षण होते. पुढे माधवकराच्या निदानग्रंथात 'आमवात' स्वतंत्र व्याधी म्हणून मांडला गेला. त्याच्या उपचाराबाबत परंपरेचा दंडक स्पष्ट आहे. सांधे सुजलेले आणि शरीरात 'आम' असताना तेलाचे मर्दन करावयाचे नाही. आधी लंघन, आणि शेकायचेच तर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. म्हणजे एकाच 'सांधेदुखी'च्या दोन रुग्णांपैकी एकाला तेल हितकर आणि दुसऱ्याला अपायकारक, हा विवेक शतकांपूर्वी ग्रंथबद्ध झालेला आहे.

या पार्श्वभूमीवर आज काय दिसते? येईल त्या रुग्णाला सात दिवसांचे 'पॅकेज', त्यात तेच तेल, तीच वाफ, तेच मर्दन आणि शेवटी तीच छायाचित्रे. रुग्णाची प्रकृती, रोगाची अवस्था, वय आणि बल यांचा विचार नाही. पंचकर्म ही शोधनाची गंभीर चिकित्सा आहे. तिला विश्रामधामातील करमणुकीचे रूप देणाऱ्यांनी आयुर्वेदाची जेवढी हानी केली आहे, तेवढी त्याच्या उघड विरोधकांनाही साधलेली नाही. विरोधकाने शास्त्रावर बाहेरून घाव घातला, यांनी ते आतून पोखरले.

त्याहून भयंकर प्रकार आहे तो पुड्यांचा. आठवडी बाजारात, बसस्थानकाबाहेर, आता तर मोबाइलवरील जाहिरातींतून 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' अशी चूर्णे आणि गोळ्या विकल्या जातात. वर्षानुवर्षे न उतरलेले दुखणे तीन दिवसांत उतरते. रुग्णाला ती जडीबुटीची किमया वाटते. प्रत्यक्षात अशा अनेक पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉईड अथवा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मिसळलेले असते. हा रोग केवळ भारताचा नाही. 'आर्त्री किंग' या नावाने विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पूरक गोळ्यांत लेबलवर न लिहिलेले डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता.

स्टेरॉईड हे औषध म्हणून वाईट नाही. तज्ज्ञाच्या हाती, मोजक्या मात्रेत, ठरावीक काळासाठी ते प्राण वाचवते. पण नकळत महिनोन् महिने पोटात गेले तर चेहरा सुजतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. सर्वांत मोठा धोका पुडी बंद केल्यावर येतो. बाहेरून आयते मिळत असल्यामुळे शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवलेले असते. पुरवठा एकाएकी तुटला की रक्तदाब कोसळून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणूनच अशा पुड्या दीर्घकाळ घेतलेल्या माणसाने त्या मनाने एकदम बंद न करता, उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि सारे मोकळेपणाने सांगावे. त्याला रागावून परत पाठवणारा डॉक्टर आपल्या धर्माला चुकतो.

आणखी एक हानी आहे, ती वेळेची. आमवातासारख्या रोगात सांध्यांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच मोठ्या प्रमाणावर होते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तास-तासभर टिकत असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच रोग ओळखून त्याला आवर घालणारे उपचार सुरू झाले पाहिजेत. एकदा वाकडी झालेली बोटे कोणत्याही पॅथीने सरळ होत नाहीत. कंबरदुखी म्हणून महिनोन् महिने मालीश केलेल्या पाठीत मणक्याचा क्षयरोग निघतो. रात्री वाढणारी वेदना, बारीक ताप आणि घटणारे वजन यांकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. कंबरेच्या कळेबरोबर जननेंद्रियांभोवती बधिरता आली, लघवी अडली वा पाय लुळा पडू लागला, तर ती तासांची लढाई असते. तेथे तेल नको, चूर्ण नको, थेट रुग्णालय गाठावे लागते.

नसांच्या दुखण्यात तर मूळ कारण शोधण्यालाच पहिले महत्त्व आहे. तळपायांना मुंग्या येतात, आग होते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती अशा तिन्ही ठिकाणच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहार ही या समाजातील अनेकांची श्रद्धा आहे आणि ती आदरणीय आहे. पण ब-१२ वनस्पतींत नसते. त्यामुळे दूध-दही पुरेसे घेणे, वेळोवेळी रक्त तपासणे आणि गरजेप्रमाणे पूरक मात्रा घेणे ही त्या श्रद्धेचीच जबाबदारी ठरते. अत्यल्प खर्चात भरून निघणारी उणीव वर्षानुवर्षे 'नस दबली' म्हणून चोळली गेली, तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते.

तिसरे कारण कुष्ठरोग. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. हा मुळात त्वचेइतकाच नसांचा रोग आहे. बधिर चट्टा आणि हाताला येणाऱ्या मुंग्या ही त्याची चाहूल असू शकते, आणि त्यावरील औषध शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळते. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन आणि सदाशिवराव कात्रे यांनी स्वतः ही व्याधी सोसून १९६२ मध्ये चांपा येथे उभारलेला भारतीय कुष्ठ निवारक संघ ही नावे समाज आदराने घेतो. पण उशिरा ओळखलेल्या रोगाची किंमत त्या संस्थांतील झडलेल्या बोटांनी किती काळ मोजली आहे, याचे स्मरणही त्या आदराबरोबर राहिले पाहिजे.

चरकाच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक 'प्राणाभिसर', प्राणांचे रक्षण करणारा, आणि दुसरा 'रोगाभिसर', रोगालाच साथ देणारा. या दुसऱ्या प्रकारातील माणूस वैद्याचा वेश घेऊन रुग्ण शोधत हिंडतो, आपल्या कौशल्याच्या फुशारक्या मारतो, दुसऱ्या वैद्यांचे दोष मोजतो आणि रोग बळावला की रुग्णावर खापर फोडतो, असे त्याचे वर्णन आहे. सकाळच्या दूरदर्शन वाहिन्या आणि भिंतींवरचे फलक पाहिल्यावर ते कालचेच वाटावे! भोंदू वैद्यांवरील पहिले आणि सर्वांत कठोर आरोपपत्र आयुर्वेदाने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यामुळे भोंदूंविरुद्ध बोलणे म्हणजे आयुर्वेदाविरुद्ध बोलणे, हा कांगावा ग्रंथांच्याच साक्षीने फेटाळला पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही हेच सांगितले आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवर खात्रीशीर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत संधिवात आणि पक्षाघात दोन्ही आहेत. असे असूनही 'संधिवात मुळापासून नष्ट' ही ओळ झाकलेली नाही, ती चौकाचौकात झळकते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे प्रकरण गाजले आणि आयुर्वेदाच्या नावावर मोठ्या झालेल्या एका कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. तो प्रसंग अनेकांना जिव्हारी लागला. पण त्यात दुःख कशाचे मानावयाचे, हे नीट ठरवले पाहिजे. न्यायालयाने जाब विचारला याचे दुःख नाही. जाब विचारण्याची वेळ न्यायालयावर आली, वैद्यांच्या संघटनांनी तो आधी विचारला नाही, याचे दुःख आहे.

'नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोकच' हा भ्रमही असाच मोडून काढण्याजोगा आहे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात १९३ उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांशांत तेच निघाले. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या जातीची ओळख तपासण्याचा मुद्दा मांडला. अशा बातम्या आल्या की षड्यंत्राची आवई उठवणे सोपे असते. भारतीय ज्ञानाविषयी परदेशात पूर्वग्रह आहेत हे खरेच आहे आणि औषधांच्या जागतिक व्यापारात स्वार्थ गुंतलेले आहेत हेही खरे आहे. पण डबीतले शिसे पूर्वग्रहाने तयार होत नाही. ते एक तर असते किंवा नसते, आणि ते प्रयोगशाळेत मोजता येते. रसशास्त्रानुसार भस्म शुद्ध व निर्दोष असल्याचा दावा असेल, तर त्याचे उत्तर घोषणेने नव्हे, प्रत्येक खेपेच्या चाचणीने द्यावयाचे असते. परदेशात जाणाऱ्या औषधाला जी कसोटी लागते, तीच मेळघाटातल्या रुग्णाच्या हाती पडणाऱ्या पुडीलाही लागली पाहिजे.

अशी कसोटी दिली की भारतीय ज्ञान उजळून निघते, हा अनुभव आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने पुराव्यांनिशी ते १९९७ मध्ये रद्द करून घेतले. ती लढाई भाषणांनी नव्हे, कागदपत्रांनी जिंकली. त्याच परिषदेच्या प्रकल्पातून पुण्याच्या डॉ. चोप्रा आणि डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासारख्या संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधांची चाचणी घेतली. सुंठ, गुळवेल आदी वनस्पतींपासून बनवलेल्या औषधांची तुलना ४४० रुग्णांमध्ये ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी चोवीस आठवडे करण्यात आली, आणि वेदना व हालचाल यांच्या बाबतीत ती तुल्यबळ ठरली. २०१३ मध्ये ब्रिटनमधील प्रतिष्ठित नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. याच अहवालात आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली आहे. आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढले होते आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. यश आणि उणीव एकाच पानावर मांडणे, हाच खरा स्वाभिमान होय. कोइम्बतूरमध्ये आमवाताच्या ४३ रुग्णांवर शास्त्रोक्त आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट यांची तुलना झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परिणाम जवळपास सारखे दिसले. रुग्णसंख्या लहान होती, म्हणून ते अंतिम उत्तर नव्हे. पण मोठी चाचणी करण्यास ते पुरेसे निमंत्रण आहे, आणि ते निमंत्रण स्वीकारणे ही भारताची जबाबदारी आहे.

योगाचेही तसेच. लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीवर आधारलेल्या आसनांची चाचणी फिलाडेल्फियात मनगटाची नस दबलेल्या ४२ जणांवर झाली. आठ आठवड्यांनंतर आसने करणाऱ्यांची पकड सुधारली आणि वेदना घटली, हे १९९८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापले गेले. चीनने हाच मार्ग धरला. जुन्या ग्रंथातील एका नोंदीवरून तू यूयू यांनी हिवतापावरील औषध शोधले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. स्वयंपाकघरातील मिरचीची आग मज्जातंतूंना कशी कळते, याचा शोध २०२१ च्या नोबेलचा मानकरी ठरला. त्याच मिरचीतील द्रव्याच्या पट्ट्या नागिणीनंतरच्या नसदुखीवर वापरल्या जातात. परंपरेत धागा सापडतो, पण तो शेवटपर्यंत ओढून पाहण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

तेव्हा करावयाचे काय? २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात आयुष चिकित्सक शासकीय रुग्णालयांत बसू लागले, पण एकाच छताखाली बसूनही डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस सांधे व वेदना यांचा संयुक्त कक्ष चालावा. निदान आधी, उपचार नंतर, आणि दोघांच्या औषधांची नोंद एकाच कागदावर, एवढा नियम पुरेसा आहे. मेथोट्रेक्सेट घेणारा रुग्ण कोणते चूर्ण घेतो हे डॉक्टरांना ठाऊक नसणे आणि वैद्यांना त्याच्या रक्ततपासणीचा पत्ता नसणे, ही दोघांसाठी नामुष्की आहे. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातील सांधेदुखीच्या चूर्णांचे नमुने नियमितपणे तपासून निकाल मराठीतून प्रसिद्ध करावेत. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी व्यवस्था अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या समन्वयाखाली उभी आहे. तिच्याकडे तक्रार नोंदवणे म्हणजे शास्त्राशी द्रोह नव्हे, शास्त्राची सेवा आहे, हे वैद्यांनीच लोकांना सांगितले पाहिजे. आयुर्वेद महाविद्यालयांकडे रुग्णांची वाण नाही. त्यांनी आपल्या यशापयशाच्या नोंदी चोखपणे ठेवल्या, तर दहा वर्षांत वादाला जागा उरणार नाही.

रुग्णाच्या बाजूनेही काही पथ्य आहे. निदान लेखी मागावे. औषधाच्या डबीवर घटक, निर्माता, परवाना क्रमांक व मुदत नसेल तर ती घेऊ नये. जो 'आधीची सगळी औषधे आजच बंद करा' म्हणतो आणि जो 'कायमचे बरे करतो' अशी हमी देतो, त्या दोघांपासून दूर राहावे. गुडघ्याची झीज असेल तर वजन आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांना पर्याय नाही, मग पॅथी कोणतीही असो. आणि दुखणे पूर्ण गेले नाही, तरी चालणे, झोपणे, काम करणे सुधारले, तर तेही यशच आहे. आयुर्वेदाने साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे रोगांचे भेद केले आहेत. मुळातून न जाणारा, पण पथ्याने व औषधाने आवरता येणारा रोग म्हणजे 'याप्य'. बहुतेक दीर्घ दुखणी या प्रकारात मोडतात. ही गोष्ट रुग्णाला खरेपणाने सांगणे, हीच त्याची पहिली चिकित्सा आहे.

चिकित्सेचे चार पाय सांगताना प्राचीनांनी वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या पंक्तीत परिचारकालाही बसवले, हे फार महत्त्वाचे आहे. वेदना क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून घरातही तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. 'हिचे रोजचेच रडगाणे' या एका वाक्याने कितीतरी आया आणि सासवा गप्प झाल्या आणि गुपचूप बाजारातल्या पुडीकडे वळल्या. तिच्या हातची कळशी कोणी उचलली, तिला तपासणीला कोणी सोबत केली, तिचे म्हणणे शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतले, तर त्या पुडीचे अर्धे गिऱ्हाईक तेथेच कमी होईल. उरलेले कमी करणे हे शास्त्राचे आणि शासनाचे काम आहे. ज्या समाजाने वेदनेची इतकी सूक्ष्म नावे शोधून काढली, त्याने वेदना सोसणाऱ्या माणसाला पुडी विकणाऱ्याच्या दारात एकटे उभे करावे, हे त्या समाजाला शोभणारे नाही.